आश्रयार्थी विद्यार्थ्याच्या कॉलेजच्या खर्चाला मदत कुठून मिळू शकते?

आपल्या ओळखीची एक अफगाण मुलगी आई आणि भावासह पुण्यात राहते, तिची बारावी झाली आहे, दिल्लीतील संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयात (यूएनएचसीआर) तिचे नाव नोंदलेले आहे, पण निर्वासित म्हणून मान्यता अजून मिळालेली नाही. अशा मुलीला पदवीच्या शिक्षणासाठी भारतात किंवा परदेशात कोणती आर्थिक मदत मिळेल, असे आपण विचारले आहे. मी सांगलीतील एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर २३ वर्षे काम केले. त्या काळात अशा परिस्थितीतला एकच विद्यार्थी माझ्यासमोर आला. त्याच्यासाठी जे शोधावे लागले आणि त्यानंतर या विषयात जे वाचत राहिलो, त्यावरून हे उत्तर लिहीत आहे.

आधी कागदाबद्दल लिहितो, कारण मदत मिळणार की नाही हे मुलीच्या गुणांच्या आधी तिच्या हातातल्या कागदावर ठरते. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेले तमिळ यांची व्यवस्था भारत सरकार स्वतः पाहते; अफगाण, म्यानमारचे आणि इतर काही देशांचे लोक यूएनएचसीआरकडे नाव नोंदवतात. नोंदणीनंतर अर्ज विचाराधीन असल्याचा कागद मिळतो, मुलाखती होतात आणि दावा मान्य झाला तर निर्वासित कार्ड मिळते. विचाराधीन असलेल्या व्यक्तीला आश्रयार्थी म्हणतात आणि मान्यता मिळालेल्या व्यक्तीला निर्वासित. शिष्यवृत्तीच्या बाबतीत या दोन शब्दांमधले अंतर फार मोठे आहे, आणि आपली मुलगी आज त्या अंतराच्या मधोमध उभी आहे.

आपल्या राज्याच्या योजनांकडून अपेक्षा ठेवू नये. महाडीबीटी पोर्टलवरील बहुतेक योजनांना अधिवासाचा दाखला लागतो आणि तो काढण्यासाठी भारतीय नागरिकत्व व महाराष्ट्रातील १५ वर्षांचे वास्तव्य लागते. मी त्या मुलासाठी दोन दिवस त्या पोर्टलवर घालवले, तेव्हा हे माझ्या नीट लक्षात आले. आपण ते दोन दिवस वाचवावेत.

तो मुलगा काबूलचा. स्टुडंट व्हिसावर, स्वतःच्या खर्चाने बीसीएला आला होता आणि वडील दुकानाच्या उत्पन्नातून त्याला पैसे पाठवत असत. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या ताब्यात गेले, तिथल्या बँका बंद झाल्या आणि त्याचे पैसे यायचे थांबले. शेवटच्या वर्षाची फी भरायची राहिली होती, आणि परदेशी विद्यार्थ्याची फी आपल्या मुलांच्या कित्येक पट असते. प्राचार्यांनी संस्थेपुढे विषय मांडला, संस्थेने स्थानिक विद्यार्थ्याइतकीच फी घेण्याचे मान्य केले आणि ती आम्ही कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून भरली. फीचा प्रश्न सुटला असे आम्हाला सगळ्यांना वाटले. दिवाळीनंतर एका दुपारी तो बोनाफाईड मागायला आला, तेव्हा त्याचा डबा माझ्या टेबलावर राहिला. परत देण्यासाठी उचलला तर तो हलका लागला. विचारल्यावर त्याने सांगितले की, खानावळीतून तो एकच डबा घेतो. चार चपात्यांपैकी दोन दुपारी खातो आणि दोन वर्तमानपत्रात गुंडाळून रात्रीसाठी ठेवतो. तीन महिने हे असेच चालले होते आणि मी रोज त्याला पाहत होतो.

म्हणून माझे आपल्याला आग्रहाचे सांगणे आहे की, हिशेब फीपासून सुरू करू नका. खोलीभाडे, जेवण, बस, पुस्तके आणि दिल्लीला कागदपत्रांसाठी कराव्या लागणाऱ्या फेऱ्या यांची बेरीज आधी मांडा आणि मग फी. आमच्या बाजूला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले, कारण खेड्यातल्या मुलाची वाट फीइतकीच भाकरी आणि राहण्याची जागा नसल्यामुळे अडत होती; तिथल्या मुलांच्या धान्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकले. त्याच परंपरेतली ‘कमवा आणि शिका’ योजना आम्ही त्या मुलाला सुचवली, परंतु स्टुडंट व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही. आश्रयार्थी मुलांची खरी कोंडी हीच आहे. इंग्लंडमध्येसुद्धा आश्रयाचा अर्ज विचाराधीन असताना साधारणपणे नोकरी करता येत नाही. निकाल वर्षभर रखडला तरच काही ठरावीक कामांसाठी परवानगी मागता येते, आणि सरकारी भत्ता आठवड्याला ५० पौंडांहूनही कमी असतो. ज्या मुलाला मिळवायची बंदी आहे, त्याला केवळ फीमाफी दिल्याने त्याचे शिक्षण पूर्ण होत नाही.

या दृष्टीने पाहता भारतात राहून मिळू शकणारी सर्वांत भक्कम मदत म्हणजे डाफी शिष्यवृत्ती. अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या नावाची ही योजना जर्मन सरकारच्या पैशातून १९९२ मध्ये सुरू झाली आणि ती यूएनएचसीआरमार्फत चालते. भारतातील निर्वासितांनाही तिचा लाभ मिळत आलेला आहे. फीबरोबर पुस्तके, जेवण, प्रवास आणि राहणे हा खर्चही ती धरते, हे तिचे मोठेपण. उच्च माध्यमिक शिक्षण चांगल्या गुणांनी पूर्ण झालेले असावे, दुसरा आधार नसावा आणि पदवी सुरू करताना वय साधारणपणे २८ च्या आत असावे, अशा अटी आहेत. मात्र ती मान्यताप्राप्त निर्वासितांसाठी आहे. त्यामुळे मुलीच्या मुलाखतीची तारीख लागली आहे का, हे कुटुंबाने लेखी विचारत राहावे आणि शिक्षण खोळंबले असल्याचा उल्लेख प्रत्येक पत्रात करावा. जागा कमी आणि अर्ज पुष्कळ असतात, हेही तिला आधीच सांगावे.

सगळा खर्च एकाच यंत्रणेने उचलला तर काय घडते, याचे उदाहरण आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत प्रदेशातून सुटून आलेले सुमारे ५ हजार पोलिश लोक, त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले, १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळीवडे येथील छावणीत राहिले. आजारी मुलांची सोय सातारा जिल्ह्यात पाचगणीला होती. लंडनमध्ये आश्रय घेतलेले पोलिश सरकार खर्च देत होते, म्हणून छावणीत प्राथमिक शाळांपासून माध्यमिक शिक्षणापर्यंत सर्व काही पोलिश भाषेत चालले. पुढे ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, त्यात त्यांच्या शिक्षणाच्या खर्चाची तरतूद होती. छावणीच्या त्याच जागेत नंतर फाळणीत आलेले सिंधी निर्वासित वसले आणि आज तिला आपण गांधीनगर म्हणतो. कापडखरेदीला तिथे जाणाऱ्या आमच्यापैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.

भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेच्या (आयसीसीआर) शिष्यवृत्त्यांमधून हजारो अफगाण विद्यार्थी भारतात शिकले. त्यांत फी, मासिक विद्यावेतन आणि घरभाडे मिळते. अर्ज परिषदेच्या ए-टू-ए पोर्टलवर होतो, पण तो अफगाण नागरिक म्हणून आणि पासपोर्टवर करावा लागतो. मुलीचा पासपोर्ट चालू असेल तर ही वाट अवश्य पाहावी. संपत आला असेल तर ती कठीण आहे, कारण जुन्या अफगाण सरकारचा दिल्लीतील दूतावास नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाल्यावर कागदांची कामे अवघड झाली.

परदेशातील मदतीबद्दल इंटरनेटवर लांबलचक याद्या सापडतात आणि त्या वाचून आशा वाढते, म्हणून एक बाब स्पष्ट लिहितो. त्यांतील बहुतेक मदत ज्या देशात आश्रय मागितला आहे, त्याच देशात राहणाऱ्यांसाठी असते. इंग्लंडमध्ये निर्वासित म्हणून मान्यता मिळाली की स्थानिक दराने फी आणि सरकारी विद्यार्थी कर्ज मिळते. आश्रयार्थी असेपर्यंत परदेशी दराने फी आणि कर्ज नाही. ही दरी भरून काढण्यासाठी तिथल्या अनेक विद्यापीठांनी ‘सँक्चुअरी’ शिष्यवृत्त्या ठेवल्या आहेत, परंतु पुण्यात बसून त्यांना अर्ज करून उपयोग नाही. कॅनडातील ‘वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस’ ही संस्था १९७८ पासून निर्वासित विद्यार्थ्यांना थेट तिथे नेऊन शिकवते आणि त्यासाठी तिथले विद्यार्थी आपल्या फीबरोबर थोडी रक्कम देतात. हे मला फार मोलाचे वाटते, पण निवड ठरावीक आश्रयदेशांतूनच होते.

परदेशातील मदतीपैकी या मुलीसाठी दोन वाटा मला खऱ्या वाटतात. पहिली, बांगलादेशातील चट्टग्राम येथील ‘एशियन युनिव्हर्सिटी फॉर विमेन’. २००८ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाने अफगाण आणि रोहिंग्या मुलींना पूर्ण शिष्यवृत्ती देऊन शिकवले आहे. मात्र भारताबाहेर पडल्यास परत येता येईल का आणि दिल्लीतल्या अर्जाचे काय होईल, हे वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. दुसरी वाट ‘युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल’ या ऑनलाइन विद्यापीठाची. तिथे शिकवणीची फी नाही, अर्ज आणि परीक्षेचे शुल्क असते आणि त्यासाठीही शिष्यवृत्त्या आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठे बंद केल्यानंतर अनेक अफगाण मुली तिथे शिकू लागल्या. ती पदवी भारतात कितपत ग्राह्य धरली जाईल, हे मात्र प्रवेशाआधी तपासावे.

मान्यता येईपर्यंत वर्ष रिकामे जाऊ देऊ नका. जवळच्या अनुदानित महाविद्यालयाच्या प्राचार्यांना समक्ष भेटा, नोंदणीचा कागद दाखवा, आणि फी कमी करणे व हप्ते पाडून देणे या दोन गोष्टी लेखी अर्जाने मागा; संस्थाचालकांच्या बैठकीत तोंडी विनंती पोहोचत नाही. बारावी महाराष्ट्र मंडळाची किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची असेल तर समकक्षतेचा प्रश्न येणार नाही. काबूलची असेल तर भारतीय विश्वविद्यालय संघाचे समकक्षता प्रमाणपत्र लागेल आणि त्याला वेळ लागतो.

शेवटी, तिच्या नावाकडे आजच पाहा. अफगाण कागदांवर बहुधा आडनाव नसते आणि आपल्या फॉर्मवर आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव असे तीन रकाने भरावेच लागतात. आमच्या त्या मुलाच्या गुणपत्रिकेवर आजोबांचे नाव आडनाव म्हणून पडले होते आणि पासपोर्टवर ते नव्हतेच. बँकेने त्यावरून त्याचे खाते दीड महिना अडवून ठेवले. मुलीची बारावीची गुणपत्रिका, नोंदणीचा कागद आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहा, आणि फरक असेल तर प्रवेश सुरू होण्यापूर्वी प्रतिज्ञापत्र करून त्याच्या पाच-सहा साक्षांकित प्रती काढून ठेवा.