माळवा पठार की मैदान? कॉम्प्युटर म्हणतो सपाट

प्रश्न: मी इंदूरला भूगोलात एमए करतेय. प्रोजेक्टसाठी एसआरटीएमचा (रडारने मोजलेला) डीईएम, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला जमिनीची उंची देणारा डिजिटल नकाशा, घेऊन क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये भूरूपं ओळखणारं जिओमॉर्फॉन टूल चालवलं, तर इंदूर, देवास, सांवेर बहुतेक सगळं 'सपाट' आलं आणि खाली नर्मदेकाठी महेश्वरकडचाही बराच भाग 'सपाट'च. पुस्तकात तर माळव्याचं पठार लिहिलंय. आमचे सर म्हणतात टूल चुकलंय. खरंच का? (एक वाचक, राजेंद्रनगर)

उत्तर: टूल नाही चुकलं, आणि पठार ते पठारच, त्यात सरांचंही बरोबर आहे. जिओमॉर्फॉन काय करतं, तर प्रत्येक पिक्सेलवरून आठ दिशांना बघतं, तिकडची जमीन आपल्यापेक्षा वर आहे, खाली आहे की बरोबरीत, आणि त्यावरून दहातलं एक नाव देऊन मोकळं होतं: सपाट, शिखर, धार, खांदा, सोंड, उतार, घळ, पायथा, दरी, खळगा. बस. आपण समुद्रसपाटीपासून किती वर आहोत हे त्याच्या हिशोबातच नाही. इंदूर साडेपाचशे मीटरवर, महेश्वर दीडेकशेवर, पण आजूबाजूची जमीन दोन्हीकडे बरोबरीची, मग रंग एकच मिळणार ना. टीपीआय (टोपोग्राफिक पोझिशन इंडेक्स) काढला असता तरी हेच, त्यात पिक्सेलच्या उंचीतून आसपासची सरासरी उंची वजा करतात, दोन्हीकडे उत्तर शून्याच्या जवळपास.

आता सर्च रेडियस, म्हणजे टूल किती लांबपर्यंत बघतं, तो किती ठेवला होता ते बघा. काही न बदलता रन केलं असेल तर डिफॉल्ट 3 पिक्सेल, म्हणजे (एक पिक्सेल साधारण 30 मीटरचा धरून) जेमतेम 90 मीटर, राजवाड्यासमोर उभं राहून अख्ख्या इंदूरबद्दल बोलण्यातला प्रकार. तो 100 पिक्सेल करा, म्हणजे 3 किलोमीटर, (वेळ लागेल, चहा करून या) आणि मग महूच्या दक्षिणेला बघा, पाताळपाणी-कालाकुंडकडे. तिथे विंध्याचा कडा तुटतो, वर काठाकाठाने खांदे नि धारा, मधे उतार आणि सोंडा, खाली चोरलच्या खोऱ्यात दऱ्या, असा पट्टाच्या पट्टा उठून दिसेल. पठार ओळखायचं ते या काठावरून, सांवेरच्या शेतात उभं राहून कुणालाच ते पठार वाटत नाही.

हा घोळ जुनाच आहे. एडविन हॅमंड नावाच्या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने 1964 मध्ये अमेरिकेचा भूरूपांचा नकाशा छापला, त्यासाठी सहा मैलांचा चौकोन धरून तीन गोष्टी बघितल्या: 8 टक्क्यांपेक्षा कमी उताराची जमीन किती, सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालच्या जागेत फरक किती, आणि ती कमी उताराची जमीन वरच्या अंगाला आहे की खालच्या. ही तिसरी गोष्ट मला फार हुशारीची वाटते. सपाटी वर असेल तर टेबललँड (म्हणजे पठार), खाली असेल तर डोंगर असलेलं मैदान. पुढे 1991 मध्ये डिकाऊ आणि सहकाऱ्यांनी हेच कॉम्प्युटरवर बसवलं. या पद्धतीने महूचा काठ टेबललँड निघायला हवा, पण उज्जैनकडे हॅमंडसाहेबही मैदानच म्हणतील, कारण तिथल्या चौकोनात कडाच येत नाही.

तेव्हा 'सपाट' क्लास तुम्हीच उंचीवरून तोडा, कड्याच्या वरचं 'पठारावरची सपाटी' आणि खालचं 'नर्मदा खोऱ्यातली सपाटी', आणि रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा की आकार टूलने दिले, पठार हे नाव मी दिलं. रेडियस आणि फ्लॅटनेसचा (किती अंशांपर्यंतचा उतार सपाट धरला त्याचा) आकडाही लिहा, लोक लिहीत नाहीत आणि मग दुसऱ्याला तोच नकाशा परत काढता येत नाही.

प्रश्न: माझा स्लोप मॅप (उताराचा नकाशा) सगळीकडे 88-89 अंश दाखवतोय, इंदूरमध्ये! (एक वाचक, महू)

उत्तर: डीईएममधली आडवी अंतरं अक्षांश-रेखांशाच्या अंशांमध्ये आहेत, उंची मीटरमध्ये, सॉफ्टवेअरने दोन्ही एकच युनिट समजून भागाकार केला. आधी तो यूटीएम झोन 43 नॉर्थ या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये रीप्रोजेक्ट करा, ईपीएसजी कोड 32643, आणि स्लोप परत काढा, आकडे एकदम खाली येतील. तरी शहरात मधेमधे उगाच उंचवटे दिसले तर टेकडी म्हणून मार्क करू नका, एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी 2000 मध्ये स्पेस शटलमधून फिरवलेलं रडार, त्यात जमिनीबरोबर इमारती आणि झाडंही आलीत.