ऐकू येतं, पण कळत नाही

मिरजेत मी वाचा आणि श्रवण तपासणीचं काम करते. गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांतली पाच आज घेतली आहेत. एक कानांविषयी आहे, बाकीच्यांचा कानाशी संबंधच नाही. तरी तक्रार सगळ्यांची एकच आहे: आम्ही सांगतो ते समोरच्यापर्यंत पोहोचत नाही.

माझे सासरे 74 वर्षांचे आहेत. हळू बोललं की ‘काय? काय?’ करतात. मोठ्यानं बोललं की ‘वरडतीस कशाला, मी काय बहिरा हाय का?’ म्हणून चिडतात. बेदाण्याच्या सौद्याला गेले की मात्र त्यांना सगळं ऐकू येतं. पाहुणे म्हणतात, ह्यांना सुनेचंच तेवढं ऐकू येत नाही. मी काय करू? (एक वाचक, तासगाव)

ताई, तुमचं काही चुकत नाही आणि सासरेही नाटक करत नाहीत. वयामुळे ऐकू कमी यायला लागतं तेव्हा सगळेच आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीतले बारीक आवाज. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, जोरकस. ते बराच काळ टिकतात. स, श, च, त, फ ही व्यंजनं मात्र उंच पट्टीतली आणि मुळातच नाजूक. शब्द वेगळे ओळखू येतात ते व्यंजनांमुळे. तुम्ही सात म्हणा, हात म्हणा, भात म्हणा, त्यांच्यापर्यंत मधला ‘आ’ नीट येतो आणि पहिलं अक्षर गळून जातं. आवाज येतो, शब्द येत नाही. म्हणून असे लोक हटकून म्हणतात, ‘मला ऐकू येतंय, तीच तोंडातल्या तोंडात बोलतीय.’

ओरडल्यावर स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं त्या मानानं वाढत नाहीत, उलट स्वरांखाली दबतात. शिवाय अशा कानाला ‘जेमतेम ऐकू आलं’ आणि ‘कानठळ्या बसल्या’ यांत फार अंतर उरत नाही. म्हणून ‘काय?’ नंतर लगेच ‘वरडतीस कशाला?’ येतं. दोन्ही खरं असतं.

सौद्याचं कोडंही सोपं आहे. तिथं माणूस समोर उभा असतो, आवाज बहुतेक पुरुषांचे म्हणजे खालच्या पट्टीतले, आणि काय बोललं जाणार ते त्यांना आधीच ठाऊक असतं: दर, माल, पेट्या. गळालेलं अक्षर अनुभवानं भरून निघतं. घरात तुम्ही स्वयंपाकघरातून, मिक्सर चालू असताना, मध्येच नवा विषय काढता.

परवा एका आजोबांना समोर बसवून मी तोंडासमोर कागद धरला आणि नेहमीच्या आवाजात दहा शब्द म्हटले. चार बरोबर आले. मग कागद काढला. आवाज तेवढाच ठेवून दुसरे दहा शब्द म्हटले, तर आठ बरोबर आले. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात आणि ते डोळ्यांना दिसतं. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, ‘मॅडम, दोन वर्षं झाली, मी पाठमोरी भाकरी थापत ह्यांच्याशी बोलतीय.’

तेव्हा आधी हाक मारा. त्यांनी बघितलं की मगच बोला, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं उभं राहून. टीव्ही बंद करा. ओरडू नका, जरा सावकाश बोला. एकदा कळलं नाही तर तोच शब्द तीनदा म्हणण्याऐवजी वाक्य बदला. ‘भात?’ ऐवजी ‘ताटात अजून भात वाढू का?’ म्हटलं तर धरायला चार खुणा मिळतात. मग कानाच्या डॉक्टरांकडे न्या, कारण कधी कधी नुसता मळ असतो. मळ नसेल तर श्रवणालेख, म्हणजे कोणत्या पट्टीतलं किती ऐकू येतं याचा आलेख, काढून घ्या. दुकानात मिळणारं, सगळेच आवाज सरसकट मोठे करणारं यंत्र आणू नका. कोणती पट्टी किती वाढवायची ते श्रवणालेखावरून ठरवावं लागतं. नवं यंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही टोचतो, कारण मेंदूला पुन्हा सवय व्हायची असते. त्या दिवसांत ते यंत्र कपाटात जाणार नाही एवढं बघा. मला भेटणारी निम्मी यंत्रं कपाटातूनच आलेली असतात.

शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात सांगितलं की संवादात शब्दांचं महत्त्व फक्त 7 टक्के, बाकी 38 टक्के आवाज आणि 55 टक्के हावभाव. हे खरं आहे का? (शिक्षिका, सांगली)

नाही. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 च्या प्रयोगांतून आले. प्रश्न अगदी लहान होता: एखादा सुटा शब्द एका भावनेचा आणि आवाज किंवा चेहरा दुसऱ्याच भावनेचा असेल, तर बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही हे ऐकणारा कशावरून ठरवतो? सगळ्या संवादाला हे आकडे लागू नाहीत, असं त्यांनी स्वतः पुढं स्पष्ट केलं. लसावि शिकवताना तुमचे शब्दच महत्त्वाचे. मात्र ओठ आवळून ‘शाबास’ म्हणालात तर पोर ओठांवरच विश्वास ठेवेल, एवढं त्यातून जरूर घ्या.

मी नदीकाठच्या ग्रामपंचायतीत काम करतो. पावसाळ्यात आम्ही गाडीला स्पीकर लावून सांगतो, ‘कोयना धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ लोक ऐकतात आणि परत घरात जातात. पाणी दारात आलं की आम्हालाच म्हणतात, आधी का नाही सांगितलं? (पलूस तालुका)

दादा, या पत्रानं माझी झोप उडवली. 2019 च्या ऑगस्टमधला महापूर आपल्यापैकी कुणी विसरलेला नाही.

तुमच्या घोषणेतला एक एक शब्द लोकांच्या बाजूनं ऐकून बघा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर पाणी. किती हजार क्युसेक सुटले म्हणजे माझ्या उंबऱ्याला पाणी लागेल, हे गणित भल्याभल्यांना घरात बसून जमणार नाही. आपली माणसं पूर मोजतात फुटांत. पावसाळ्यात सांगलीत चहाच्या गाड्यावर एकच प्रश्न असतो: ‘आयर्विनला किती?’ म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फूट. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे शाळकरी पोरंही सांगतात. पण आयर्विन पूल सांगलीत आहे आणि घर तुमच्या गावात. मधला पूल तुम्ही बांधायचा आहे. जुन्या माणसांना बरोबर घेऊन एक तक्ता करा: आयर्विनला अमुक फूट झालं की आपल्या ओढ्याला फुगवटा येतो, अमुक झालं की मारुतीच्या पायरीला पाणी लागतं, अमुक झालं की खालची आळी बुडते. त्या खुणा भिंतीवर रंगवा. मग घोषणा अशी होईल: ‘आज रात्री पाणी मारुतीच्या पायरीला लागेल.’

‘सतर्क राहावे’ ही सूचनाच नाही. सतर्क माणूस नेमकं काय करतो? कुणी, किती वाजेपर्यंत, कुठं जायचं, सोबत काय घ्यायचं, एवढं सांगा. आणि जनावरांचं सगळ्यात आधी. दावणीला म्हैस असताना शेतकरी हलत नाही. त्याला अडाणी किंवा हट्टी म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. छावणी कुठं आहे आणि तिथं वैरण आहे का, हे पहिल्या वाक्यात आलं तर पुढची वाक्यं ऐकली जातील.

दुसरी अडचण जुन्या पुराची. 2019 ला अनेकांनी 2005 ची खूण धरली होती. ‘तवा इथवरच आलतं, आता कशाला वर येतंय?’ 2005 ला आयर्विनला पाणी 53 फुटांच्या वर होतं, 2019 ला ते 57 च्या वर गेलं. माणूस नवी सूचना कोऱ्या पाटीवर लिहून घेत नाही, आधीच्या अनुभवाशेजारी ठेवून बघतो. म्हणून तुलना तुम्हीच करून द्या: ‘मागच्या खुणेच्या वर जाऊ शकतं.’

1990 मध्ये एलिझाबेथ न्यूटन या अमेरिकन संशोधक विद्यार्थिनीनं एक साधा प्रयोग केला होता. एकानं ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी ओळखली जातील. 120 पैकी ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चाललेलं असतं, समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. तुमच्या डोक्यात धरण, नकाशा, तहसीलचा फोन, सगळं आहे. गल्लीत फक्त ‘क्युसेक’ पोहोचतो.

म्हणून गाडी गल्लीतून गेली की पाच घरांत जा आणि विचारा, ‘आत्ता काय सांगितलं, तुम्ही काय करणार?’ ‘कळलं का?’ असं मात्र विचारू नका, त्याला उत्तर नेहमी ‘कळलं’ असंच येतं. दवाखान्यात आम्हीही हेच करतो. गोळी कशी घ्यायची हे पेशंटकडून वदवून घेतो, आणि चूक निघाली तर ती आमच्या सांगण्यातली धरतो. पाचातल्या तिघांनी वेगळंच सांगितलं तर घोषणा बदला, त्याच दुपारी. मोबाईलवर पाठवाल त्या निरोपाच्या सुरुवातीलाच तारीख आणि वेळ बोला. मागच्या वर्षीचे निरोपही पुरात फिरत असतात.

माझे मालक गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायात तमिळनाडूत असतात. रोज रात्री फोन होतो, पण ‘जेवलीस का, पोरं काय करतात’ यावरच संपतो. मेसेज केला तर ‘बरं’ एवढंच येतं. मला वाटतं रागावले. विचारलं तर म्हणतात, मी कुठं रागावलोय? फोनवरही आवाज चढलेला वाटतो. (विटा)

खानापूर-आटपाडीकडच्या किती घरांत हे असेच चाललंय, ताई. ‘बरं’ हा आपल्याकडचा फार मोठा शब्द आहे. ‘बरं’ म्हणजे ठीक, ‘बरं?’ म्हणजे पुढं सांग, ‘बरंऽ’ म्हणजे आत्ता लक्षात आलं, आणि तोडून म्हटलेलं ‘बरं’ म्हणजे विषय संपला. फरक सगळा सुरात. लिहिताना सूर गळतो आणि वाचणारा आपल्या मनातला सूर भरतो. दिवसभर एकटीनं ओढलेलं असेल तर तो रागाचाच भरला जातो. मेसेज फक्त कामापुरता ठेवा. बाकीचं त्यांना आवाजात रेकॉर्ड करून पाठवायला सांगा.

चढलेल्या आवाजाचं कारण बहुधा त्यांच्याकडचा रस्त्यावरचा गोंगाट असेल. गोंगाटात माणूस नकळत मोठ्यानं बोलतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्ये हे दाखवलं. तुमच्या कानाशी घराची शांतता असते, म्हणून तो आवाज राग वाटतो. व्हिडिओ कॉलवर आणखी एक गोष्ट घडते. बोलण्यात पाळी बदलताना मध्ये साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढीच फट असते. नेटवर्कमुळे ती वाढली की वाटतं, उत्तर द्यायला कां-कू करतात.

दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी निवांत फोन ठरवा. ‘ठीक आहे ना?’ हा प्रश्नच ‘ठीक’ मागतो. ‘आज दुकानात कोण आलं होतं?’ असं विचारा. तुम्हाला नुसतं बोलायचं असेल तर आधी सांगा: ‘तोडगा नको, फक्त ऐका.’ इतक्या वर्षांच्या संसारानंतर हे न सांगता कळायला हवं असं वाटतं. पण जवळच्या माणसाला आपलं कळलंय असा समजच आपला जास्त पक्का असतो, म्हणून त्याच्याशी आपण अर्धंच बोलतो.

मी 23 वर्षांचा आहे, अडखळत बोलतो. मुलाखतीत स्वतःचं नावच अडकतं. घरी आई माझं वाक्य पूर्ण करून टाकते. (कऱ्हाड)

नाव अडकणं अगदी नेहमीचं आहे. दुसरा शब्द अडकला तर पर्यायी शब्द घेता येतो, नावाला पर्याय नसतो. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण असं बोलतो. हे भित्रेपणामुळे होत नाही आणि बुद्धीशी याचा काही संबंध नाही. मेंदूतलं बोलण्याचं वेळापत्रक जरा वेगळं चालतं, बऱ्याचदा ते घराण्यातही असतं. भीतीनं ते वाढतं, एवढंच.

मुलाखतीत पहिलंच वाक्य हे ठेवा: ‘मी अडखळत बोलतो, मला थोडा वेळ लागेल, पण वाक्य मी पूर्ण करेन.’ लपवण्यात जी ताकद जाते ती उत्तराला मिळते. नावातलं पहिलं अक्षर जोर न लावता, हलकं, जरा लांबवून सुरू करायचा सराव वाचा-उपचारतज्ज्ञाकडे करता येतो. काही महिने लागतील. आईनं ‘हळू बोल, श्वास घे’ म्हणणंही थांबवायला हवं, वाक्य पूर्ण करून टाकणं तर थांबवायलाच हवं. त्यांनी तुमच्याकडे बघत थांबायचं, बाकी काही नाही. हे उत्तर त्यांना वाचून दाखवा. तुम्हीच, मोठ्यानं, लागेल तेवढा वेळ घेऊन.