वाचकांचे प्रश्न : फायरमनच्या वॉकीटॉकीचा चामडी पट्टा

सुभाषनगर, कोल्हापूरहून एक कारागीर विचारतात : आमच्याकडे चपलांचं म्हशीचं कातडं असतं. खांद्यावरून तिरपा घालायचा वॉकीटॉकीचा पट्टा त्यातून होईल का?

होईल, पण सगळ्याच कातड्यातून नाही. पट्ट्यासाठी पाठीचाच भाग घ्या. पोटाकडचं कातडं ताणलं जातं. पट्टीची एक कड पाठीची आणि दुसरी पोटाकडची आली, तर ती थोड्याच दिवसांत केळ्यासारखी वाकते. म्हणून कण्याला समांतर कापा. रुंदी दीड इंच, जाडी साडेतीन ते चार मिमी. वॉकीटॉकी ठेवायच्या पिशवीला अडीच ते तीन मिमी पुरे. तळव्याचं कडक कातडं घेऊ नका, वाकवल्यावर वरचा थर तडकतो.

बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याला लोखंड चालत नाही. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची काळी शाई होते, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. तीच शाई ओल्या पट्ट्यात लोखंडी रिव्हेटभोवती तयार होते, आणि तिथलं कातडं हळूहळू ठिसूळ होतं. कड्या, बक्कल, रिव्हेट पितळी, तांब्याचे किंवा स्टेनलेसचेच घ्या. पितळेभोवती पुढे हिरवट मेणासारखा थर येतो. तो कातड्यातल्या तेलाचा आणि तांब्याचा असतो. कोरड्या ब्रशने काढला की झालं.

पेठवडगावहून : मापं कशी घ्यायची? पिशवी सेटवर घट्ट बसत नाही.

सेट, म्हणजे वॉकीटॉकी, नेहमी बॅटरीसकट मोजा. जादा क्षमतेची बॅटरी जाड असते आणि बहुतेक चुका तिथेच होतात. त्या मापाचा लाकडी फरमा करा, प्रत्येक बाजूने दीड मिमी जास्त. खरा सेट ओल्या कातड्यात कधीही घालू नका. कातडं कोमट पाण्यात बुडवा. बुडबुडे थांबले की काढा, फरम्यावर ओढून बसवा, कडा हाडाच्या पट्टीने दाबा आणि दिवसभर सावलीत ठेवा. उन्हात वाळवलं तर ते आवळतं आणि फरमा काढताना फाटतं. तळाला आठ-दहा मिमीचं भोक ठेवा, नाहीतर होजचं पाणी आत साठून राहतं. बोलायचं बटण आणि आवाजाची चकती हातमोज्यासह हाताला लागतात का, हे शिवण्याआधी तपासा. शिवल्यावर काही करता येत नाही.

पट्ट्याची लांबी १३० ते १५० सेंमी धरा, बक्कलची भोकं २५ मिमी अंतरावर. याशिवाय पिशवीच्या तळाच्या कडीपासून कमरेच्या पट्ट्यापर्यंत २० मिमी रुंदीची एक छोटी पट्टी लागते. ही नसेल तर रांगताना किंवा जिना उतरताना सेट पुढे झुलतो आणि गुडघ्यावर आपटतो. बरेच जण ही पट्टी वाचवतात. आमच्या मते ती नसलेला पट्टा अर्धाच.

शिरोली एमआयडीसीतून : फौंड्रीत आम्ही चामड्याचे हातमोजे वापरतो. चामडं जळत नाही, म्हणून पट्टाही सुरक्षित, असं समजायचं का?

नाही. नायलॉन २२० ते २६० अंशांदरम्यान वितळून अंगाला चिकटतं. चामडं वितळत नाही, काळं पडून कोळपतं, एवढाच फरक. पण ओलं कातडं वेगळंच वागतं. झाडपाल्याने कमावलेलं कातडं चिंब ओलं असताना साधारण ७० ते ८५ अंशांतच आकसतं आणि मग लाकडासारखं होतं. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं साधारण १०० अंशांपर्यंत टिकतं; फौंड्रीतले हातमोजे बहुधा त्याचेच असतात. आगीच्या ठिकाणी पट्टा भिजलेलाच असतो हे विसरू नका. पट्टा कोटाच्या आत राहणार असेल तर हिरड्या-बाभळीचं कातडं ठीक, कारण ते कमी ताणतं आणि आकार धरतं. बाहेर राहणार असेल तर क्रोमचं घ्या.

एका फायरमनचं पत्र : विकत घेतलेला पट्टा सहा महिन्यांत कडीपाशी तुटला. कारण काय?

तुटलेला तुकडा पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण कारण बहुधा तीनपैकी एक असतं. पहिलं : कडीभोवती दुमडण्यासाठी रापीने (कातडं तासायच्या हत्याराने) कातडं जास्त पातळ केलेलं असतं. चार मिमीचं दोन-अडीचपर्यंत चालतं, त्याखाली नाही. दुसरं : बक्कलच्या जिभेसाठी चाकूने चीर पाडलेली असते. चिरेचं टोक फाटत जातं. दोन्ही टोकांना आधी गोल पंच मारायचा आणि मग मधलं कापायचं.

तिसरं शिवणीचं. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक घासून तुटला की पुढचे टाके उसवत जातात. दोन सुयांनी, दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून घातलेला टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. इंचाला पाच-सहा टाके, कडेपासून चार मिमी आत, आणि आधी खाच पाडून दोरा पृष्ठभागाच्या खाली बसवलेला. सुती दोरा घामाने कुजतो, पॉलिस्टरचा साधारण २५० ते २६० अंशांत वितळतो. मेण लावलेला तागाचा किंवा केव्हलारचा दोरा घ्या. कडीपाशी शिवणीसोबत तांब्याचे दोन रिव्हेटही हवेत. स्क्रू वापरला असेल तर त्यावर आटे घट्ट धरणाऱ्या लॉकिंग द्रवाचा थेंब टाका, नाहीतर फिरून फिरून निघतो.

राजारामपुरीतून : पट्टा कोटावर घालायचा की आत?

आत. पँट, मग पट्टा, मग कोट, आणि वरून बीए सेट (पाठीवरचं श्वसनयंत्र), हा क्रम. बीए सेटच्या पट्ट्यांवर वॉकीटॉकी अडकवला तर घाईत बीए सेट उतरवताना दोन्ही गुंततात. माइकची वायर सर्वांत आधी जळते, म्हणून ती कोटाच्या आतून कॉलरपाशी काढा. अँटेना मात्र अंगाला चिकटून दबली की आवाज तुटतो. पिशवी अशी ठेवा की अँटेना शक्य तितकी मोकळी, अंगापासून दूर राहील. इथे थोडी तडजोड आहेच.

गांधीनगरहून : रंग कोटाला लागतो. धुवायचा कसा?

नवी चप्पल पहिल्या पावसात पाय रंगवते, तसंच हे. रंगवल्यावर कोरड्या पांढऱ्या फडक्याने फडकं पांढरं राहीपर्यंत पुसा, मग मेणाचा हात द्या. धुराची काजळी कातड्यात मुरते आणि ती अंगाला चांगली नाही. ग्लिसरीन साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. मशीन, रॉकेल, पेट्रोल नको. तेल वर्षातून एक-दोनदा, अगदी थोडं. जास्त झालं की पट्टा ताणतो. रसायनांच्या गोदामाच्या आगीत वापरलेला पट्टा पुसून पुन्हा घालू नका, टाकून द्या.