शिकतोयस, वर पैसेही मागतोस?

शिकाऊ उमेदवारी करणारी मुलं समुपदेशनाला समोर बसली की हे वाक्य ठरलेलं असतं. बोललेलं असतं चार्जहँडने (कारखान्यातल्या देखरेख करणाऱ्याने) किंवा घरच्यांनी, पण येतं मुलाच्याच तोंडून.

तो आयटीआय फिटर, वय एकोणीस. झोप लागत नाही म्हणून आला होता. तिसऱ्या भेटीत पासबुक काढलं. जमा 4800.

"किती यायला हवे होते?"

"सात हजार. 2200 खाल्ले, मॅडम."

"मागितलेस?"

"कसं मागू? ते शिकवतायत ना. आणि गप्प राहिलो तर पुढे परमनंट करतील."

धीर द्यायची घाई मी करत नाही. आकडे सुटे झाले की भीतीही सुटी होते, असा माझा अनुभव आहे. एका कागदावर दोन रकाने पाडले.

2019 च्या सुधारित नियमांत आयटीआय पास उमेदवाराला किमान 7000 विद्यावेतन होतं (दहावीला 6000, पदविकेला 8000, पदवीला 9000), आणि त्याच्या करारात तोच आकडा होता. एनएपीएस या शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी योजनेत त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त 1500, सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात टाकतं. म्हणजे कंपनीकडून यायचे 5500. राहिलेले 1500 कंपनीने खाल्लेच नव्हते, ते त्याच्या आधार सीडिंगपाशी, म्हणजे बँक खात्याला आधार जोडण्यापाशी, अडकले होते. चार महिने तो भलत्याच माणसावर चिडून होता.

उरले 700. त्या महिन्यात तापाने तीन दिवस घरी होता. सात हजार भागिले तीस, गुणिले तीन. ही कपात मात्र चूक. मंजूर वैद्यकीय रजेचं विद्यावेतन कापता येत नाही, आणि रजेचा अर्ज त्याच्याकडे होता.

मग करारपत्र त्यालाच वाचायला दिलं. नोकरीचं कलम दोनदा वाचून तो गप्प झाला. प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नव्हतं. शिकाऊ उमेदवारी कायद्याचं कलम 22 ही उमेदवारांना नोकरीत घेण्याचं धोरण कंपनीवरच सोडतं.

"म्हणजे मी गप्प कशासाठी बसलोय?"

याच प्रश्नाची मी तीन भेटी वाट पाहत होते. तो माझ्या तोंडून गेला असता तर उपदेश झाला असता.

अर्ज त्यानेच लिहिला. मित्रांनी 'किमान वेतन' लिहायला सांगितलं होतं, ते खोडायला लावलं. 1961 च्या या कायद्यात शिकाऊ उमेदवार कामगार नसतो, त्यामुळे पगार, किमान वेतन हे शब्द आले की अर्ज तिथेच लंगडा पडतो. 'विद्यावेतन' लिहायचं. करार नोंदणी क्रमांक, महिना, ठरलेली रक्कम, जमा रक्कम, फरक. सोबत पासबुकाच्या पानाची आणि रजेच्या अर्जाची प्रत. आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत द्यायचं असतं, म्हणून 11 तारखेच्या आधी ओरड करू नये. कंपनी दाद देत नसेल तर कलम 20 खाली शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जायचं. आयटीआयच्या मुलांसाठी हे अधिकारी बहुधा बीटीआरआय (मूलभूत प्रशिक्षण) केंद्रात भेटतात. त्यांचा निर्णय पटला नाही तर अपिलाला 30 दिवस. आणि करारच नोंदवलेला नसेल, तर आधी तेच भांडण.

त्याला तिथवर जावं लागलं नाही. 700 पुढच्या महिन्यात जमा झाले. 1500 साठी मात्र बँकेत दोन खेपा पडल्या, कारण पहिल्या खेपेला काउंटरवर आधारची केवायसी करून दिली आणि सीडिंगचा फॉर्म राहूनच गेला.