कॉन्झर्व्हेटिव्ह सिनेटर म्हणजे पुराणमतवादी का?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेच्या पॅट टूमींवर मराठीत टिपण लिहायचंय, तर "सेवानिवृत्त पुराणमतवादी सिनेटर" आणि त्यांचा "विधायक रेकॉर्ड" असं लिहिलेलं चालेल का.

चालायला काय, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर भलताच माणूस उभा राहील.

मला तरी पुराणमतवादी म्हटलं की आमची पणजी आठवते, ओलेत्याने पाणी भरायची आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कोणी पाऊल टाकलं की झालंच. पुराण म्हणजे इथे नुसतं जुनं, अठरा पुराणांशी संबंध नाही, पण आपल्याकडे हा वाद सनातनी विरुद्ध सुधारक असाच रंगला त्यामुळे शब्दाला सोवळ्याओवळ्याचा वास चिकटलाय तो जात नाही. आता टूमी बघा. पेन्सिल्वेनियाचे रिपब्लिकन, 2011 ते 2023 सिनेटमध्ये, आणि सगळा भर कशावर तर टॅक्स कमी करा, सरकारी खर्च आवरा, आयातीवर टॅरिफ लावू नका. 2017 च्या टॅक्स कायद्याने कंपन्यांवरचा केंद्रीय कर 35 टक्क्यांवरून 21 वर आला, तो कायदा घडवण्यात यांचा मोठा हात. यात पुराण कुठे आलं सांगा!

आणि शिक्का मारून मोकळं व्हावं तर हा माणूस मधेच बाजू बदलतो. डिसेंबर 2012 मध्ये सॅंडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर यांनी डेमोक्रॅट जो मॅंचिन यांच्याबरोबर दुरुस्ती आणली की बंदूक प्रदर्शनात आणि ऑनलाइन विक्रीतही गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासा. एप्रिल 2013 मध्ये मतं पडली 54 विरुद्ध 46, आणि तरी दुरुस्ती नामंजूर झाली, कारण 60 मतं लागत होती. (इथे "पारित झाली नाही" लिहू नका हो, ते हिंदी वळणाचं, आपण सहसा मंजूर म्हणतो.) पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये महाभियोगात ट्रम्पना दोषी ठरवायला मत देणाऱ्या सात रिपब्लिकनांमध्ये हेही होते.

मराठी पेपरांनी ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्हांना कधीच हुजूर पक्ष करून टाकलंय, मजूरला जोडीला हुजूर, झकास शब्द आहे पण तो त्या पक्षाचं नावच झालाय, अमेरिकेत नेता येत नाही. मी सरळ "उजव्या आर्थिक विचारांचे" लिहीन, नाहीतर कॉन्झर्व्हेटिव्ह तसंच ठेवीन, कळतं लोकांना.

सेवानिवृत्त तर नकोच. शाल, नारळ, पेन्शनची फाइल डोळ्यासमोर येते. यांनी 2020 च्या ऑक्टोबरातच सांगून टाकलं की 2022 ला उभा राहणार नाही. नुसतं माजी म्हटलं तर हरले की काय असंही वाटू शकतं, म्हणून "पुन्हा निवडणूक न लढवलेले माजी सिनेटर". लांबलंय, पण खरं आहे.

राहिलं विधायक. हिंदीत विधायक म्हणजे आमदार, आणि आपल्याकडे विधायक काम म्हणजे रक्तदान शिबिर, झाडं लावणं वगैरे. "सिनेटमधली कामगिरी" लिहा, नाहीतर टूमींनी पेन्सिल्वेनियात वडाची रोपं वाटली असं वाटायचं कुणाला.