छोट्या रिबचा टॉप स्पीड पानशेतला का पडतो आणि तो वाढवायचा कसा?

वेग वाढवायला चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. तुम्ही लिहिलंय की चार मीटरची रिब (कडक तळाची, कडेला हवेच्या ट्यूब असलेली बोट), २५ हॉर्सपॉवरचं टिलरवालं, म्हणजे मागे बसून हाताच्या दांड्याने वळवायचं इंजिन, बोटीत दोन माणसं. मांडव्याला समुद्रावर ताशी ४० किलोमीटर गाठणारी ही बोट पानशेत धरणावर ३६ च्या पुढे सरकत नाही. यात काही बिघडलंच असेल असं नाही. पुण्याच्या आसपासच्या धरणांवर मी बरीच वर्षं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावायची इंजिनं हाताळतोय आणि समुद्रावरून इकडे आणलेल्या बोटींची ही नेहमीची तक्रार आहे.

पानशेतचं पाणी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब मांडव्यापेक्षा साधारण सात टक्के कमी असतो. इंजिन जेवढी हवा ओढतं त्या हिशोबानेच ताकद देतं, म्हणजे तुमचे २५ घोडे इथे २३ च्या जवळपास उरतात. फ्युएल इंजेक्शन असेल तर ते पेट्रोलचं प्रमाण जुळवून घेतं, पण नसलेली हवा कुठून आणणार? गोड्या पाण्यात बोट किंचित खोल बसते हेही खरं, पण एकदा ती पाण्यावर चढून पळायला लागली की तो फरक किरकोळ.

गंमत पुढे आहे. मांडव्याला बरोबर बसलेला पंखा (प्रोपेलर) इथे त्याच इंजिनाला जड पडतो. इंजिन पूर्ण थ्रॉटललाही आपल्या आरपीएमपर्यंत पोचत नाही, आणि शेवटची ताकद तर त्या वरच्या आरपीएममध्येच असते. म्हणून पहिलं काम आरपीएम दाखवणारा टॅकोमीटर लावणं. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा साधा मिळतो, तोही चालेल. नेहमीचं वजन घेऊन, शांत पाण्यात, पूर्ण थ्रॉटलला आकडा बघा. मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलची रेंज दिलेली असते, बऱ्याच फोर-स्ट्रोकना ती ५००० ते ६००० असते. तुम्ही तिच्या तळाशी किंवा खाली असाल तर एक इंच कमी पिचचा पंखा बसवा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशोबाने जेवढा पुढे जायला हवा ते अंतर). इंचामागे साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. पिच कमी केला की वेग कमी होईल असं वाटतं, पण दमलेल्या इंजिनाच्या बाबतीत उलटंच घडतं. मात्र बोट परत समुद्रावर नेताना जुना पंखा लावा, नाहीतर तिथे इंजिन मर्यादेबाहेर फिरेल.

पंखा बदलण्याआधी एक हिशोब मात्र नक्की करा. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यास आणि दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच गुणिले आरपीएम गुणिले ०.००१५२४, भागिले गिअर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे), की ताशी किलोमीटर मिळतात. समजा पिच ११, आरपीएम ५४०० आणि रेशो २.०८ आहे. उत्तर येतं ४३.५. जीपीएसवर ३६ दिसले तर घसर, म्हणजे हिशोबापेक्षा कमी पडलेला वेग, सतरा टक्के, छोट्या रिबला ती चालण्यासारखी. पण ३० दिसले तर घसर तीस टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे इंजिन नीट फिरतंय आणि पाण्यातच कुठेतरी ताकद वाया जातेय. मग पिचच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

अशा वेळी बोट ट्रेलरवर घेऊन मागे गुडघ्यावर बसा. गवंडी वापरतात तशी अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी तळाच्या मधल्या कण्याला लावून मागे इंजिनापर्यंत न्या. पंख्याच्या वरची आडवी प्लेट त्या पट्टीच्या रेषेत किंवा बोटभर वर हवी. ती दोन-तीन इंच खाली असेल तर इंजिनाचा पाय पाण्यात उगाच ओढला जातोय. चालत्या बोटीत ट्रान्समवर (इंजिन लटकतं त्या मागच्या फळीवर) सतत पाण्याचे फवारे उडतात ती हीच खूण. इंजिन थोडं थोडं करून वर घ्या. वळणावर इंजिन एकदम किंचाळलं आणि वेग पडला, तर पंखा पाण्याऐवजी हवा ओढतोय, एक पायरी खाली आणा. कूलिंगच्या पाण्याची धार प्रत्येक वेळी तपासा. पात्यांच्या कडांवरून नखही फिरवा. नख अडकेल एवढी खाच असली तरी वेग जातो. स्टीलचा पंखा सडसडीत पळतो, तरी धरणासाठी मी अ‍ॅल्युमिनियमच सांगेन. दगडावर आपटला तर पातं जाईल, गिअरबॉक्स वाचेल.

वजनाचं म्हणाल तर टिलरवाला मागे बसतो, टाकी मागे, बॅटरी मागे, आणि नाक वर. २४ लिटरची टाकी भरली की नुसतं पेट्रोलच १८ किलोच्या आसपास होतं. ती पुढे न्या, सोबत्यालाही पुढे बसवा. टिलरला एक्स्टेन्शन लावलं की तुम्हालाही पुढे सरकता येतं. उलट नाक खाली-वर उड्या मारायला लागलं तर इंजिनाचा कोन ठरवणारी ट्रिम पिन एक भोक आत, म्हणजे बोटीकडे घ्या. ट्यूबमध्ये हवा किती हवी ते बोटीच्या प्लेटवर असतं, बऱ्याच रिबना ०.२५ बारच्या आसपास. उन्हात ट्रेलरवर फुगवलेली ट्यूब गार पाण्यात उतरली की मऊ पडते, आणि मागची टोकं पाण्यात घासतात. म्हणून पाण्यात उतरल्यावर गेजने पुन्हा मोजा, बोटाने दाबून कळत नाही.

हे सगळं करूनही चाळीसच हवं असेल तर आधी ट्रान्समवरची कमाल हॉर्सपॉवर आणि इंजिनाच्या वजनाची मर्यादा वाचा. चार मीटरच्या बऱ्याच बोटी तिथेच नाही म्हणतात.

एक विनंती कळकळीची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आपल्या धरणांत जुन्या भिंती, झाडांचे बुंधे वर येतात. पवनेत तर वाघेश्वराचं अख्खं मंदिर उघडं पडतं. या भिंती-बुंधे पूर्ण दिसायच्या आधी काही दिवस पाण्याखाली वीतभर असतात, आणि ३६ च्या वेगात ते दिसत नाहीत. मे महिन्यात वेग मोजायला जाऊ नका, पावसाळा सरल्यावर भरलेल्या पाण्यात जा. किल कॉर्ड (तुम्ही पडलात तर इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला, लाइफ जॅकेट अंगावर. पाटबंधारे खात्याची परवानगी आधी घ्या, आणि पेट्रोल भरायचं ते काठावर, कारण हेच पाणी खडकवासल्यात उतरून पुण्याच्या नळाला येतं.

फुल थ्रॉटलचा आरपीएम आणि पंख्यावरचे आकडे इथे लिहा, कोणता पिच घ्यायचा ते सांगतो.