लिंक टाकली, पण वाचलं कोणी?

प्रश्न : नमस्कार. मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. मुलीने ब्लॉगस्पॉटवर ब्लॉग काढून दिला, आतापर्यंत ४६ लेख झाले. पहिल्या लेखाला सहाशेच्या वर व्ह्यूज आले, आता वीस-पंचवीस येतात आणि त्यातले निम्मे माझेच असावेत. रोज सगळ्या ग्रुपवर लिंक टाकतो, लोक अंगठा दाखवतात पण उघडत नाहीत. एका ग्रुपमधून तर काढूनच टाकलं. वाचक आणायचे कुठून?
– निवृत्त वाहक, सांगली जिल्हा

उत्तर : काका, तुमच्या ब्लॉगवर जाऊन आलो. सगळे ४६ नाही, पण पंधरा-वीस लेख वाचले. त्यात गुढीपाडव्याचं महत्त्व आहे, डायबेटिसमध्ये काय खावं ते आहे, मोबाईलचे दुष्परिणाम आहेत, आणि मधेच कुठेतरी मुक्कामी गाडीवरची ती रात्र आहे. देवळाच्या ओसरीवर अंथरूण, पैशाची बॅग उशाखाली, ड्रायव्हरचं घोरणं, आणि पहाटे चहा आणून देणारी म्हातारी जी एक दिवस आलीच नाही. हा लेख मी दोनदा वाचला, मग असाच अजून एखादा असेल म्हणून पुढचा उघडला तर समोर मोबाईलचे दुष्परिणाम! तुमचा वाचक इथे उतरतो बघा, आणि परत चढत नाही.

पहिल्या लेखाला सहाशे आले ते तुमच्यासाठी आले, ओळखीचे, नातेवाईक, डेपोतले. कौतुकाने एकदा येतात सगळेच. दुसऱ्यांदा येणारा माणूस वेगळा असतो, त्याला काहीतरी हवं असतं जे दुसरीकडे मिळत नाही. आता पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली हे दर १ जूनला पेपरात येतं, ते वाचायला तुमच्याकडे कोण कशाला येईल? पण तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल जुळलं नाही की रात्री डेपोत काय व्हायचं, सुट्ट्या पैशांवरून भांडलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच गाडीला कसा वागायचा, तिकिटाचा चिमटा जाऊन मशीन आलं तेव्हा हाताला काय वाटलं, हे कोण लिहिणार? हे ज्याला माहितीय तो बहुतेक लिहीत नाही आणि जो लिहितो त्याला माहीत नसतं. तुम्ही दोन्ही आहात. फक्त एसटीवरच लिहा. बाकीचे लेख डिलीट करू नका, ड्राफ्टमध्ये टाकून ठेवा, मन दुखणार नाही. आणि एसटीच्या प्रत्येक लेखाच्या शेवटी तसाच दुसरा एक जोडून द्या, वाचणाऱ्याला शोधायला लावू नका.

सुरुवातीचं ‘नमस्कार मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत’ काढा प्लीज. मुक्कामी गाडीचा लेख खरा चौथ्या परिच्छेदात सुरू होतो, तिथपर्यंत थांबायला माझा नाईलाज होता, इतरांचा नाही.

आता थोडं तांत्रिक, मुलीला शेजारी बसवून करा. शीर्षक मराठीत दिलं की ब्लॉगस्पॉट पत्त्यात मराठी अक्षरं घेत नाही, नुसतं ब्लॉग-पोस्ट आणि पुढे एखादा आकडा असं काहीतरी करून टाकतं, पत्ता बघून लेख कशाचा ते कळत नाही. पब्लिश करायच्या आधी बाजूला पर्मालिंकमध्ये, म्हणजे लेखाच्या पत्त्याच्या जागी, जाऊन रोमन अक्षरात ‘mukkami-gadi’ असं स्वतः टाइप करा. लेखात एक तरी फोटो घाला म्हणजे लिंक पाठवल्यावर तो दिसायची शक्यता असते, पण इंटरनेटवरून उचललेला नको, तुमचा जुना बिल्ला असेलच ना घरात? त्याचा काढा. आणि स्टॅट्समध्ये स्वतःचे व्ह्यूज न मोजायची सोय आहे ती लावा. आकडा अजून खाली जाईल, पण खरा असेल. कधी अचानक परदेशातून दोन-तीनशे व्ह्यूज आले तर पेढे वाटू नका, बऱ्याचदा ते बॉट असतात, म्हणजे माणसं नव्हेत, आपोआप चालणारे प्रोग्रॅम.

ग्रुपवर लिंक टाकणं आजपासून बंद. त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवरच ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. लोक ही अडचण समजतात, मला ती चाळणी वाटते, नंबर सेव्ह करण्याइतकी ज्याला गरज वाटली तोच वाचक. आणि नुसती लिंक नको, लेखातल्या सगळ्यात चांगल्या चार ओळी वर टाका आणि अशा जागी थांबा की पुढे जावंसं वाटेल. वार ठरवा, आठवड्यातून एकच. सकाळी सातच्या गाडीला लोक पावणेसातला का येऊन उभे राहतात ते मी तुम्हाला सांगायला नको.

ब्लॉगखाली कमेंट येत नाहीत म्हणून खट्टू होऊ नका, आपल्याकडे लोक व्हॉट्सअ‍ॅपवरच उत्तर देतात. त्यातलं एखादं, विचारून, पुढच्या लेखात घाला. ‘एका प्रवाशाने कळवलंय’ एवढं जरी आलं तरी तो माणूस पुढचे सहा महिने कुठे जात नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, इथल्या मराठी मंडळाबद्दल, मुलांच्या मराठी शाळेबद्दल लिहिते. फेसबुकवर शंभरेक लाईक्स येतात, ब्लॉगवर कोणी फिरकत नाही. ब्लॉग बंद करू का?

उत्तर : नको. फेसबुकवर लोक भेटतात, पण सहा महिन्यांपूर्वी लिहिलेलं तिथे माझं मलाच सापडत नाही. ‘परदेशात मुलांना मराठी कसं शिकवायचं’ असं एखादी आई रात्री अकरा वाजता सर्च करेल तेव्हा तिला ब्लॉग सापडू शकतो, दोन वर्षांनीसुद्धा. तेव्हा अर्धं तिथे, पूर्ण इथे. आणि जे नियमित वाचतात त्यांचे ईमेल, त्यांना विचारून, स्वतःकडे एका साध्या एक्सेल फाईलमध्ये ठेवा. सगळे ब्लॉग एका जागी वाचायची सोय देणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, नवा लेख वाचकांना ईमेलने पाठवणारी फीडबर्नरची सेवा २०२१ मध्ये गेली. दुसऱ्याच्या दारातून येणारे वाचक ते दार बंद झालं की येत नाहीत.

प्रश्न : माझ्या मालवणी पाककृती लोक कॉपी करून नाव काढून फॉरवर्ड करतात. कॉपी होऊ नये म्हणून राईट क्लिक बंद करून टाकू का?

उत्तर : चोर स्क्रीनशॉट काढेल, त्रास होईल तो तिरफळं किती घालायची हे वहीत उतरवून घेणाऱ्या बिचाऱ्या वाचकाला. कायद्याने म्हणाल तर १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, लिहिल्याबरोबर हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. पण नुसत्या साहित्याच्या यादीवर हक्क सांगणं अवघड, तुमच्या शब्दांवर सांगता येतो. फेसबुकवर कोणी चिकटवलं तर रिपोर्ट करा, व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डमागे मात्र धावू नका. त्यापेक्षा ब्लॉगचं नाव आणि तुमचं घर पाककृतीच्या पोटातच घाला, ‘आमची आजी इथे कोकम घालायची नाही, पण मी घालते’ असं. शेवटची ओळ लोक सहज कापतात, मधली कापायला आधी वाचावं लागतं.

माझाच एक लेख मला मावशीकडून फॉरवर्ड आला होता, खाली ‘साभार – अनामिक’, आणि मावशीचा मेसेज, ‘बघ किती छान लिहिलंय, तू पण असं लिही कधीतरी’. तिला अजून सांगितलं नाहीये.